उंटिणीच्या दुधातली गाय

निळी रेघ तिसऱ्यांदा उमटली आणि हनेनच्या डोक्याचा पार भुगा झाला.

तिच्या चाचणीतले लोखंडी कण डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक. त्यांच्यावरचा लेप गाईच्या दुधातलं एकच प्रथिन धरून ठेवतो. मग नळीला चुंबक लावला, की कण त्या प्रथिनासकट काठाला चिकटतात, आणि प्रथिन असेल तरच तिथं निळी रेघ उमटते. उंटिणीच्या दुधात ते प्रथिन मुळी नसतंच. म्हणजे रेघ उमटली तर भेसळ. आणि हे दूध तिच्या वडिलांचं, धाऊंचं होतं. तातावीन गावच्या बाजारात त्यांचं दूध लोक डोळे मिटून घेतात.

तिनं सकाळीच न राहवून फोन केला होता. "बाबा, दुधात गाईचं काही पडलं का? चुकून?"

पलीकडून "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बरं म्हणजे काय? हो, की नाही? तिला काही सुधरेना.

"एकदा नुसतं पाणी लावून बघ," प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलाशी काम करणारी नौरेस म्हणाली.

पाण्यातही रेघ आली.

"दुधात पाणी घालणारे ढीगभर पाहिले," नौरेस हसली. "पाण्यातून दूध काढणारी तूच पहिली."

हनेनला हसू येईना. पाण्यात गाय आली कुठून?

"कणांवरच्या लेप न बसलेल्या मोकळ्या जागा कशानं बुजवल्यास?"

"नेहमीसारख्या. दुधाच्या पावडरीनं..." हनेन डब्याकडे बघतच राहिली. डब्यावर ठसठशीत गाय होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळशात बापालाच चोर ठरवलेलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "खाली या. तुमचे वडील आलेत. उंटीण घेऊन."

फाटकाशी पांढरी पिकअप उभी होती. पिल्लू उंटिणीला लुचत होतं, आणि धाऊ एका पायावर उभे राहून, दुसऱ्या गुडघ्यावर वाडगा तोलून धार काढत होते. पहारेकऱ्याला त्यांनी साक्षीला उभं केलं होतं.

"बाबा, चूक माझी होती. तुमचं दूध चोख आहे."

"नळी आण."

"आता नाही लागत, बाबा."

"लागते," धाऊ वर न बघता म्हणाले. "तू विचारलंस."