कांगडीचा डाग

वाळुंजाची काडी रात्रभर भिजली की बोटाभोवती गुंडाळता येते. कोरडी वाकवली तर मोडते.

सुलतानच्या आईच्या पोटावर तपकिरी जाळी उमटलेली होती. साठ हिवाळे कांगडी, निखाऱ्यांची विणलेली टोपली, पोटाशी धरल्याची. मयताला आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या होत्या, म्हातारीनं दागिना बरोबर नेला.

इरफानाचं लग्न सप्टेंबरात ठरलं आहे. मुलाकडचे पुलवाम्याचे. सफरचंदांची बाग आहे.

स्तन हा शब्द सुलतानने सत्तेचाळीस वर्षांत एकदाही मोठ्याने उच्चारलेला नाही.

एप्रिल सरता सरता कांगड्या माळ्यावर जातात.

हाजरा हल्ली डाव्या कुशीवरच झोपते.

आता हे सगळं एका घरात ठेवू. घर काश्मिरात, चरारला, दर्ग्याखालच्या उतारावर. सुलतान कांगड्या विणतो. बाप विणायचा, आजा विणायचा. इरफाना त्याची लेक. फेब्रुवारीत एका सकाळी त्याच्या बायकोने, हाजराने, खारा चहा ओतता ओतता त्याला सांगितलं, "उजवीकडे, वर, जरा भाजलंय. कातडी जाड झालीय. कांगडीचं असेल."

"माझ्या कांगडीचं?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

तो हसला नाही. तिची कांगडी उलटीपालटी करून पाहिली. दोन काड्या सैल निघाल्या. त्याने नवी विणली, घट्ट वीण. डाग गेला नाही. त्याने दुसरी विणली, आत जाड अस्तर घालून. मग तिसरी. तिसरी इतकी देखणी झाली की व्यापाऱ्याने हट्टाने मागितली. सुलतानने दिली नाही.

डाग मात्र त्याने पाहिला नाही. तिने दाखवला नाही. वर्षाचे सहा महिने फेरनचा पायघोळ झगा झाकतो, उरलेले सहा महिने सवय झाकते.

जूनमध्ये झूनी देद आली. देद म्हणजे आजी; झूनी देद कुंभारीण. कांगडीच्या आत निखारे ठेवायची मातीची भांडी तिच्या घरची. सत्तरी कधीच ओलांडलेली, जीभ मात्र भट्टीतून नुकती काढलेली.

"सुल्या, तुझ्या टोपलीत बसताना माझ्या भांड्यांना लाज वाटते. किती रे वाकडं विणतोस!"

"वाकडी तुझी भांडी असतात, देद. मी आपला त्यांची अब्रू झाकतो."

भांड्यांची टोपली तिच्या डोक्यावरून उतरवून घ्यायला हाजरा पुढे झाली. उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

"हाताला काय झालं गं?"

"काही नाही, देद. भाजलंय थोडं."

सुलतानने मान खाली घातली. "माझ्याच कांगडीनं. वीण सैल राहिली होती."

झूनी देदने टोपली स्वतःच खाली ठेवली.

"कधी भाजलं?"

"हिवाळ्यात."

"कांगडी कुठे धरतेस तू?"

"पोटाशी. सगळेच धरतात."

"आणि भाजलंय कुठे?"

 हाजराचा हात ओढणीवरून छातीच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला.

"का रे सुल्या, तुझ्या कांगडीला पाय फुटले काय, चढून वर जायला? बरं, गेली चढून. आता कुठे आहे ती?"

"माळ्यावर."

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

"म्हणजे विस्तव विझून दोन महिने झाले, आणि भाजणं अजून सुरूच? असला कसला रे विस्तव!"

सुलतानच्या हातातली काडी मोडली. रात्रभर भिजलेली होती, तरी मोडली.

दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. सुलतानला जेवढं ऐकू आलं ते एवढंच :

"हात वर कर."

"आणखी."

"काखेत कधीपासून?"

"ठाऊक नाही."

"दुखतं?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. म्हणून तर वाटलं, काही नसेल."

 बाहेर कोणीतरी गाढवाला शिव्या देत उतार उतरत होतं. सुलतान त्या शिव्या नीट ऐकत बसला, जणू त्या त्याच्यासाठीच होत्या.

झूनी देद बाहेर आली. "हिला श्रीनगरला ने. उद्याच. बायकांच्या डॉक्टरकडे नाही, कॅन्सरच्या डॉक्टरकडे. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय. आत गाठ आहे."

 सुलतान म्हणाला, "देद, सप्टेंबरात लग्न आहे. पुलवाम्यात कळलं तर म्हणतील, आज आईला झालं, उद्या मुलीला होईल. लग्न उरकून जाऊ. तीनच तर महिने."

"गाठीला कुठे ठाऊक आहे रे सप्टेंबर!"

"लोक..."

"लोकांचं मला सांगू नकोस. इकडे बघ." तिने फेरनवरून डावी बाजू थोपटली. आवाज मऊ आला, उशी थोपटल्यासारखा. "इथं कापसाची पिशवी आहे. बावीस वर्षं झाली. तू माझ्याकडून भांडी घेतोयस तेव्हापासून. कळलं कधी तुला?"

सुलतानने नकारार्थी मान हलवली.

"नाहीच कळणार. नवऱ्याखेरीज मी कोणाला सांगितलंच नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. ती पलीकडच्या गावात होती. तिलाही गाठ होती, तिनं मला सांगितली नाही. ईदेला दोघी शेजारी बसून मटण खायचो आणि आपापली गोष्ट झाकून घरी जायचो. माझ्या नवऱ्यानं मला लवकर नेलं, मी वाचले. तिला वाटत राहिलं, असं जगात तिला एकटीलाच झालंय. ती गेली. सुल्या, तिच्या मरणात माझ्या गप्प बसण्याचाही हात आहे. आज पहिल्यांदा बोलतेय हे. मुलीच्या लग्नात आई हवी ना तुला? मग तू गप्प बसू नकोस!"

दारात हाजरा उभी होती. ती फार हळू म्हणाली, "मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी ते गेले. यंत्रावर तपासणी झाली, सुईने गाठीचा तुकडा काढला. अहवाल दहा दिवसांनी आला. डॉक्टर बाई तरुण होती, घाई न करता बोलणारी.

सुलतानने एकच प्रश्न विचारला. "माझ्या कांगडीनं झालं का हे?"

"नाही. कांगडीच्या चटक्यांनी कातडीचा कॅन्सर होतो कधी कधी, पण जिथे ती धरतात तिथे. पोटावर, मांडीवर. हा वेगळा. हा आतून आलाय. यात कुणाची चूक नाही." ती थांबली. "उशीर झालाय, तेवढं खरं. पण उपाय आहेत. आधी केमोची औषधं, मग ऑपरेशन, मग किरणं. तुमच्या मुलीलाही मला एकदा भेटू दे. तिनं किती लवकर तपासणी सुरू करायची ते सांगेन."

सुलतानला वाटलं होतं, कांगडीवरचा आळ गेला की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. आत काहीच हललं नाही. चार महिने तो एका निर्दोष वस्तूची वीण घट्ट करत बसला होता.

पुलवाम्याला तो एकटाच गेला. मुलाच्या बापासमोर बसून सगळं सांगितलं. कहवा आला, निवला. "घरात विचारून कळवतो," बाप म्हणाला. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. इरफाना म्हणाली, "विचारू देत त्यांना. आईचं पुढचं औषध कधी आहे ते सांगा."

दुसऱ्या औषधाच्या दिवशी श्रीनगरच्या बसमध्ये पुढच्या बाकावर गल्लीतला गुल्ला पाववाला बसला होता. हाजराच्या डोक्याला घट्ट रुमाल होता. केस गेले होते. गुल्लाने मान वळवली. "काय सुल्या, सहकुटुंब कुठे स्वारी?"

मावशीकडे, असं उत्तर सुलतानच्या जिभेवर तयार होतं. गेल्या खेपेला त्याने तेच दिलं होतं.

"हॉस्पिटलात," तो म्हणाला. "हिला कॅन्सर आहे. स्तनाचा."

 ड्रायव्हरने गाणं बंद केलं.  हाजरा खिडकीबाहेर बघत होती.

"केवढ्यानं बोललात," ती म्हणाली.

"हं."

"कंडक्टरला थांबा सांगताना तर आवाज फुटत नाही."

गुल्लाने पिशवीतून दोन गरम रोट्या काढल्या आणि हाजराच्या मांडीवर ठेवल्या. मागच्या बाकावरून एक बाई पुढे झुकली. तरुण होती, कडेवर मूल. तिने हाजराच्या कानाशी विचारलं, "ताई, त्या डॉक्टर बाई कोणत्या वारी बसतात?"

हाजराने वार सांगितला. मग पलीकडच्या रांगेतून दुसरा आवाज आला, वयस्क : "परत सांगा. मला नीट ऐकू आलं नाही."

हाजराने परत सांगितलं. या वेळी मोठ्याने.

बंधूंनो, भगिनींनो, गाठ दुखत नाही म्हणून ती साधी ठरत नाही. कुणी तिला कांगडीचा चटका म्हणतं, कुणी दुधाची गाठ, कुणी वय. आपण नावं ठेवत बसतो, आणि ती आपलं काम करत राहते. महिन्यातून एकदा स्वतःच्या हातांनी स्वतःला तपासा. काही वेगळं लागलं, कातडी ओढली गेली, काखेत फुगलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. वय झालं की काही त्रास नसतानाही तपासणी करून घ्या. पुरुषांनो, घरातली बाई "काही नाही" म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा. आणि ज्या घरात हा आजार आला आहे, तिथे कुजबुजत जाऊ नका. रोट्या घेऊन जा, बरोबर दवाखान्यात जा, शेजारी बसा. आजाराची लाज कशाला? लाज वाटायची तर आपल्या गप्प बसण्याची वाटावी.

ती गाठ हाजराच्या हाताला पहिल्यांदा आदल्या ऑक्टोबरात लागली होती. तेव्हा ती वाटाण्याएवढी होती.