बुधवारचं पाणी

"हे काय चाललंय?" एक चप्पल पायात, एक दाराबाहेर, अशा अवस्थेत तिनं विचारलं.

तो बाह्या दुमडून बादलीपुढे उकिडवा बसला होता. बादलीत मुलीची आठही झाडं तरंगत होती. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काचा घासणारा हा माणूस केसाएवढी चूक लांबून ओळखायचा, पण बेकरीची भट्टी बंद पडून बायको आज दहालाच परत येईल हे त्याला कसं दिसणार! एरवी ती पाव बांधून एकला यायची. तोवर तो दुकानात गेलेला असायचा.

"काही नाही गं, जरा..." म्हणत तो बादली पाठीमागे सरकवायला लागला.

झाडं बिटकीची. चोवीस वर्षांची घोडी झाली तरी घरात ती बिटकीच होती. ना माती ना कुंडी, खिडकीच्या गजांना तारेनं अडकवलेली झाडं. "हवेवर जगतात, बाबा," ती सांगायची. "मग मलाही शिकव, डब्याची कटकट वाचेल," असं तो म्हणायचा. पण तिचे नियम कडक होते. दर बुधवारी अर्धा तास पाण्यात, मग चांगली झटकायची आणि चार तास पालथी घालून सुकवायची. पोटात पाणी राहिलं की झाड आतून सडतं, वरून कळतसुद्धा नाही. सगळ्यांत मोठं झाड तिनं चार वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ते म्हणे आयुष्यात एकदाच फुलतं. त्याच्या मधोमध लाल तुरा दिसायला लागला त्याच आठवड्यात तिला ताप आला, आणि पाचव्या दिवशी ती गेली.

त्याला तीन महिने झाले. घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. बायको खिडकीकडे बघतही नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून दर बुधवारी पाणी घालायचं काम त्यानं गुपचूप अंगावर घेतलं. पण झाडं पालथी घालून ठेवली तर तिला दिसणार, ती रडणार, आणि ती रडली की आपला बांध फुटणार. म्हणून तो झाडं दोनदा झटकून लगेच गजावर जशीच्या तशी सरळ अडकवायचा.

"तुम्ही पाणी घालता?" तिचा आवाज चिरकला. "अहो, मी घालते! दर बुधवारी, आल्या आल्या."

"तू? बोलली नाहीस कधी."

"तुम्हाला सोसायचं नाही म्हणून."

"आणि सुकवतेस कुठे?"

"कुठे सुकवणार? पाचला तुम्ही दारात हजर. लगेच लावून टाकते जागच्या जागी."

तिनं वाकून मोठं झाड उचललं. कळ्या धरलेला लाल तुरा तिच्या बोटांत अलगद सुटून आला, आणि पाठोपाठ पानं गळाली. बुडखा काळा, लिबलिबीत झाला होता.

"मी मारलं हो," ती खाली बसली. "तिचं एवढं एक होतं, तेही मारलं."

"आपण दोघांनी मारलं," तो म्हणाला, आणि मग "बिटके गं" म्हणत मोठ्यानं रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळानं त्यानं बाकीची झाडं एकेक दाबून पाहिली. चार मऊ लागली. टणक राहिलेली तीन तिनं जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून पालथी घातली. दुकानात तो गेला नाही. दोघं समोरासमोर बसली.

तुरा अजून तिच्या हातातच होता. "फूल कुठल्या रंगाचं आलं असतं हो?"

त्यानं तो घेतला, काच बघावी तसा उजेडाकडे धरला. कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या.

"सांगत होती एकदा," तो म्हणाला. "मी नुसतं हं-हं करत होतो."

तिनं टॉवेलची सुरकुती सारखी केली. झाडं सुकायला अजून तीन तास होते. दोघंही जागची उठली नाहीत.