मुके पाहिलेले सिनेमे

"या, या! भिंतीला भेटायला आलात?"

फिल्म क्लबचे सचिव यज्ञेश्वर केळशीकर हॉलच्या दारातच उभे होते. त्यांनीच धाडलेलं तिकीट उत्कर्षानं पुढे केलं, ते त्यांनी उगाचच उलटसुलट करून पाहिलं.

"शुक्रवारी आपलं परीक्षण छापून आलं आणि आज आमचा हॉल ओस पडला. अभिनंदन!"

"सिनेमा वाईट असेल तर मी वाईटच लिहिणार, काका."

"लिहा की. फक्त आधी बघावा, एवढीच आमची जुनाट समजूत."

उत्कर्षाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "एक फ्रेम न सोडता पाहिलाय मी!"

"असं? मग आज पुन्हा बघा. उद्या मी तुमच्या संपादकांना फोन करणार आहे. हे सदर राहावं का, एवढंच विचारणार आहे."

ती तरातरा आत जाऊन बसली. म्हातारा खवचट होता, पण त्याच्या शब्दाला वजन होतं. आणि ते सदर म्हणजे तिचं या शहरातलं एकुलतं एक स्वतःचं काहीतरी होतं. लग्न होऊन ती यवतमाळहून थेट पुण्याच्या कडेला वाघोलीत आली, तीही अर्धवट बांधलेल्या सोसायटीत. नवरा दत्तप्रसाद सॉफ्टवेअर कंपनीच्या बसनं सकाळी जाई, तो दिवे लागल्यावर येई. मग सलोनी झाली, आणि उत्कर्षाला इमारतीत नाव उरलं नाही, ती 'सलोनीची मम्मी' झाली. फक्त शुक्रवारच्या पुरवणीत, जगभरच्या नव्या सिनेमांच्या परीक्षणाखाली, तिचं आख्खं नाव छापून येई.

ती लिहायची मात्र जहरी. घरात कुणावर ओरडायची सोय नव्हती. आठवडाभराची सगळी चिडचिड ती कोरियाच्या नाहीतर फिनलंडच्या दिग्दर्शकांवर काढायची. वाचकांना मजा यायची. संपादक म्हणायचे, "झणझणीत चालू द्या!"

हा सिनेमा जॉर्जियातल्या एका बाईनं केलेला होता. डोंगरातल्या खेड्यातली आई आपलं तान्हं मूल निपुत्रिक नणंदेला देऊन टाकते आणि पुढं नुसती घरात वावरत राहते. मधे एकदा तर स्टुलावर बसून किती तरी वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहते. उत्कर्षानं लिहिलं होतं, "पोटचं मूल देऊन टाकल्यावर ही बाई त्याचं नावसुद्धा काढत नाही. आई आहे की पाटा? भिंतीकडे बघत बसते, ते बघताना वाटतं, निदान भिंतीनं तरी अभिनय करावा. प्रेक्षकांनी येताना उशी आणावी."

आज रविवार, सलोनी दत्तप्रसादपाशी होती. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. तोच डोंगर, तीच चूल, तेच स्टूल. बाई भिंतीसमोर येऊन बसली. उत्कर्षानं सवयीनं पडद्याच्या खालच्या कडेकडे पाहिलं. तिथं एकही अक्षर नव्हतं.

आणि भिंतीपलीकडून मूल रडलं.

आधी कुरकुर, मग टाहो. भुकेचं रडणं होतं ते, उत्कर्षाला ओळखायला क्षणही लागला नाही. नणंद शेजारच्याच खोलीत राहत होती. सिनेमात हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं की कधी ती खोली दिसली नव्हती. मूल रडत होतं, आणि बाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. उठून जायचा हक्क तिनंच देऊन टाकला होता.

घरी हे तिनं पाहिलं होतं. ऐकलं नव्हतं. दुपारी सलोनीचा डोळा लागला की तेवढाच वेळ तिच्या हाती यायचा, आणि पोरीची झोप अशी सावध, की कुकरचं झाकण वाजलं तरी ती जागी व्हायची. म्हणून पेपरनं दिलेल्या डीव्हीडी प्लेअरवर उत्कर्षा टीव्हीचा आवाज पार बंद करून सिनेमे बघायची. खाली इंग्रजी ओळी येतातच, मग आवाज हवा कशाला? वर्षभर साऱ्या जगाचे सिनेमे तिनं असे मुके करून पाहिले होते. पण रडण्याचं भाषांतर कोण कशाला लिहील?

पलीकडचं मूल रडतच होतं. उत्कर्षाची छाती एकदम भरून आली, दाटून दुखली आणि पान्हा फुटला. कुर्त्याची पुढची बाजू ओली झाली. तिनं ओढणी घट्ट ओढून घेतली, आणि पडद्यावरच्या बाईसारखीच जागची हलली नाही.

दिवे आले तेव्हा केळशीकर तिच्याच रांगेपाशी उभे होते.

"काय मग? जमला का भिंतीला अभिनय?"

"काका, मी आवाज बंद करून पाहिला होता."

"आवाज बंद करून?" म्हातारा थक्क झाला. "मग तुमचं परीक्षण आम्ही डोळे मिटून वाचायचं होतं का? अहो, पण का?"

सलोनीचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"चुकलंच," ती म्हणाली. "संपादकांना तुम्ही नका सांगू. मीच सांगते."

सोमवारी तिनं फोन केला.

"कशाला उकरून काढताय?" संपादक म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला मी गुंडाळतो. पुढचा सिनेमा घ्या."

"नाही सर. मी तो न ऐकताच लिहिलं, असं माझ्या नावानिशी छापा."

"मॅडम, असं छापल्यावर सदर कसं चालवू मी? लोक हसतील."

"हसू देत."

"ठीक आहे. पेपरचा डीव्हीडी प्लेअर आहे तुमच्याकडे. उत्तरेश्वर येईल न्यायला."

शुक्रवारच्या पुरवणीत कोपऱ्यात तिच्या चार ओळी आल्या. सदराच्या जागी नव्या मॉलमधल्या खाण्याच्या ठिकाणांची माहिती होती.

"गेलं नं सदर?" दत्तप्रसादनं विचारलं. "असं कोणी करते का गं? कोणाला कळलं असतं?"

"मला," ती म्हणाली, आणि त्याचा डबा भरायला लागली.

दुपारी ऑफिसचा शिपाई उत्तरेश्वर आला. टीव्हीमागच्या वायरी ओढताना स्टीलचा पेला खाली पडून खणखणला, घरंगळत पलंगाखाली गेला. सलोनीनं भोकाड पसरलं.

"अगं बया! बाळ उठलं, ताई," तो ओशाळला. "मी जरा सावकाश..."

"असू दे. करा तुम्ही तुमचं काम."

तिनं सलोनीला खांद्यावर घेतलं. प्लेअर घेऊन निघालेल्या उत्तरेश्वरचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून दार तिनंच उघडून धरलं. तो जिना उतरून जाईपर्यंत ते तसंच धरून ती उभी राहिली.