तिथीची पाऊणपट

पाण्याच्या वरचा खडक कोरडा होता. पाण्याची कड आणि खडकाला चिकटलेल्या पांढऱ्या शिंपल्यांची रांग यांच्यामध्ये चार बोटांची पट्टी होती, आणि तिच्यावरून हात फिरवला तर हाताला मिठाची भुकटी लागत होती. ओहोटीचं पाणी खडक सोडून जातं तेव्हा मागं ओल ठेवतं. इथं ओल नव्हती. मंजुळानं ते पाहिलं, ऊन कडक आहे, वाळलं असेल, असं मनाशी म्हटलं आणि हात ओढणीला पुसला.

"काय म्हणतंय पाणी, काकू?" राघोनं विचारलं.

"उतरतंय. आज वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता भरती झाली, आता पावणेतीन. संध्याकाळी साडेसातपर्यंत उतरतच राहणार."

"म्हणजे जायला हरकत नाही?"

"खुशाल."

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता, कोजागरी दोनच दिवसांपूर्वी झाली होती. डोंबिवलीच्या राघो केणेनं बारा वर्षं लोकांना गणपतीपुळे आणि गोव्याला नेऊन आणल्यावर पहिल्यांदाच परदेशची टूर काढली होती. केपटाऊनहून पोर्ट एलिझाबेथ, समुद्राच्या कडेकडेनं, नऊ दिवस, एक व्हॅन आणि सात माणसं. राघोच्या बॅगेत दोन कुकर होते. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघर असलं की तो स्वतः खिचडी टाकायचा, आणि शिट्टी झाली की शेजारच्या खोल्यांतले गोरे लोक बाहेर येऊन बघायचे. व्हॅन चालवायला तिथलाच अब्राहम नावाचा माणूस होता. तो फारसं बोलत नसे. आता तो स्टिअरिंगमागं टोपी तोंडावर घेऊन झोपला होता, आणि त्याच्या समोरच्या खणात भरती-ओहोटीच्या वेळांची छापील पुस्तिका होती. ती त्याला कोणी मागितली नव्हती. मंजुळाबाई असताना मागायचं कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

मंजुळा कोपरच्या खाडीवरच्या कोळ्याची मुलगी. तिचे वडील भिवाजी यांनी तिला सातव्या-आठव्या वर्षी हे गणित शिकवलं होतं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. आपल्या खाडीसाठी तिच्यावर एक तास चढवायचा, कारण पाण्याला समुद्रातून आत यायला तेवढा वेळ लागतो. पुढं बी.एस्सी.ला तिला कळलं की चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून हे गणित जमतं. बापाचं म्हणणं पुस्तकात सापडलं याचं तिला त्या वेळी फार समाधान वाटलं होतं. इथं समोर उघडा समुद्र होता, म्हणून तिनं खाडीचा तो एक तास सोडून दिला होता. हे आपल्या लक्षात आलं याबद्दल तिला जरा बरंही वाटलं होतं.

समोर खडकाचं एक नाक समुद्रात घुसलं होतं. त्याला घोटाभर पाण्यातून वळसा घातला की पलीकडं लहानसा पांढऱ्या वाळूचा किनारा लागत होता. निघाले चौघं. मंजुळा, तिचा नवरा सहदेव, मुलगा दौलत, आणि डोंबिवलीच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका विमलाबाई. विमलाबाईंची धाकटी बहीण कलावती आणि कल्याणचं डॉक्टर जोडपं व्हॅनपाशीच थांबले. राघोनं चहाचं पातेलं काढलं.

दौलत टूरमधला नव्हता. तो जोहान्सबर्गला रंगाच्या कारखान्यात नोकरीला होता आणि कालच येऊन त्यांना मिळाला होता. टूरचे पैसे त्यानंच भरले होते. आई-बाबांनी देश बघावा, आवडला तर कायमचं राहायला यावं, असा त्याचा बेत होता. बेत दोन वर्षांचा जुना होता. सहदेवनं पहिल्याच फोनवर हो म्हटलं होतं. चौऱ्याऐंशी साली त्यानं आखातात जायचं म्हणून पासपोर्ट काढला होता, ते जाणं राहिलं, आणि तिथल्या वर्णभेदामुळं त्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून सगळीकडं जाता येईल असा शिक्का होता. आता नेमकं तिथंच जायचं, याची त्याला गंमत वाटत होती. बिल्डिंगमध्ये तो सगळ्यांना सांगून बसला होता.

मंजुळानं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आधी तिची निवृत्ती व्हायची होती. मग भिवाजी आजारी होते. ते गेले. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग बिल्डिंगच्या पाण्याच्या लाइनीचं काम, कारण ती सोसायटीची सेक्रेटरी होती. यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

वाळूवर चालताना दौलतनं पाठीवरच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला, कायमचं राहण्याच्या परवानगीचा फॉर्म काढला.

"आई, पंधरा तारखेपर्यंत द्यायचाय. बाबांची सही झालीये काल. तुझी राहिली."

"इथं वाळूत सही करू?"

"पेन आहे माझ्याकडे."

"रूमवर गेल्यावर बघू."

"काल रात्री म्हणालीस सकाळी बघू."

सहदेव पुढं चालला होता. तो न वळता म्हणाला, "तिला रविवारची बाटली आठवते रे. दुसरं काही नाही."

विमलाबाईंनी विचारलं, "कसली बाटली?"

"खाडीच्या पाण्याची. सहा वर्षं झाली, दर रविवारी ओहोटीला कोपरला जाते, भावाच्या होडीतून बाटली भरून आणते आणि आमच्या ओट्यावर तपासते. मी म्हणतो, लोक ओट्यावर लोणचं घालतात."

"आणि तपासता काय?"

"पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय ते," मंजुळा म्हणाली. "वहीत लिहिते. शिवाय भावाच्या, नाथाच्या जाळ्यात त्या दिवशी काय आलं तेही."

"काय येतं?"

"आता चिखलातल्या निवट्या. कधी कधी त्याही नाहीत. बाबांच्या वेळी जिताडा यायचा, बोय, कोळंबी, चिंबोऱ्या. अकरा जाती मी मोजलेल्या, कॉलेजात असताना."

ती एकोणतीस वर्षं एका रंगद्रव्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. कारखान्यातून बाहेर जाणारं पाणी फाटकाशी तपासणं हे तिचं काम होतं. पुढं ते कुठं जातं हे तपासणं कोणाचंच काम नव्हतं. त्या वहीबद्दल ती एवढंच सांगत असे आणि तेही कोणी विचारलं तर.

"आई, मी मागंही विचारलं होतं," दौलत म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "ती वही वाचणार कोण?"

"माहीत नाही," मंजुळा म्हणाली.

अर्ध्या तासानं ते परत फिरले. खडकाच्या नाकापाशी घोटाभर पाणी होतं तिथं आता गुडघ्याच्या वर पाणी होतं, आणि प्रत्येक लाट ते छातीपर्यंत नेत होती. सहदेव दोन पावलं आत गेला आणि भिजून परत आला.

"उतरतंय म्हणालीस ना?"

मंजुळानं मागं वळून पाहिलं. वाळूचा पट्टा मघापेक्षा अरुंद झाला होता. मागं उभा कडा होता, चढण्यासारखा नव्हता. त्याच्या पायथ्याशी पुरुषभर उंचीवर एक सपाट कातळ होता आणि त्याच्यावर सुकं गवत उगवलं होतं. गवत आहे म्हणजे पाणी तिथवर येत नाही, एवढं तिनं आधी बघितलं. मग म्हणाली, "वर बसायचं. आधी विमलाबाई."

विमलाबाईंना दौलतनं खालून आणि सहदेवनं वरून धरून चढवलं. "शाळेच्या सहलीत कोणी असं केलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. मंजुळानं त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

थोड्या वेळानं नाकाच्या माथ्यावर राघो दिसला. त्याच्यामागं हातात पुस्तिका घेतलेला अब्राहम होता.

"काकूऽऽ! साडेसहापर्यंत हलू नका! पुस्तकात पावणेपाचची भरती आहे!"

"किती?"

"पावणेपाऽऽच! दोरी आणायला माणूस पाठवू का, विचारतोय हा!"

"नको! आम्ही कोरडे आहोत!"

"मी नाही!" सहदेव ओरडला.

"चहा ठेवलाय, काका! थंड झाला तर परत करतो!"

ते दोघं माथ्यावरच बसून राहिले. मंजुळानं केसातला आकडा काढला आणि कातळावर आडवं होऊन, हात खाली लांबवून पाण्याच्या कडेशी एका फटीत खोचला. दहा मिनिटांनी आकडा पाण्याखाली होता. चार बोटं, तिनं मोजलं. मघाची ती कोरडी पट्टी चारच बोटांची होती. पाणी उतरत असतं तर दहा मिनिटांपूर्वीच ती पाण्याखाली असती आणि ओली राहिली असती. म्हणजे तिनं हात फिरवला तेव्हा पाणी चढतच होतं. खडकानं सांगितलं होतं, आणि तिनं खडकापेक्षा तिथीवर विश्वास ठेवला होता.

"अगं, कारण साधं आहे," सहदेव पँटचे पाय पिळत म्हणाला. "घड्याळं आपण साडेतीन तास मागं घेतली. तुझी तिथी डोंबिवलीतच राहिली."

"तसं नसतं हो. घड्याळ जिथंतिथं सूर्यावरच लावतात. त्यानं एवढा फरक पडत नाही."

"मग तुझ्या वडलांचा समुद्र वेगळा असेल."

तो चिडवायला म्हणाला होता. मंजुळा मात्र तिथी आणि तास पुन्हा बोटांवर मोजायला लागली.

लाटा येत राहिल्या. विमलाबाईंनी पर्समधून राजगिऱ्याच्या वड्या काढल्या, एकेक सगळ्यांना दिली, आणि उरलेली एक मोडून चौघांत वाटली. दौलत मांडीवर ते प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन बसला होता. पाण्याचे शिंतोडे आले की तो ते छातीशी धरत होता. लहानपणी बोर्डाच्या परीक्षेचं हॉलतिकीट त्यानं असंच धरलं होतं, हे मंजुळाला आठवलं. तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं मागितलेलंही फार नव्हतं.

पावणेपाचला पाणी थांबलं. तिनं दुसरा आकडा खोचून ठेवला होता. पाच मिनिटं त्याला पाणी नुसतं टेकत राहिलं, वर चढलं नाही. आणखी दहा मिनिटांनी आकड्याच्या खाली ओल दिसली. दोन बोटांची, काळी, चकाकणारी.

"उतरायला लागलं," ती म्हणाली. "सव्वातीन तासांचा फरक आहे."

"कशात?" विमलाबाईंनी विचारलं.

"पाऊणपटीत. इथं पाऊणपट करून वर सव्वातीन तास मिळवायचे. प्रत्येक किनाऱ्याचा आकडा निराळा असतो, पाण्याच्या खोलीवर, जमिनीच्या आकारावर. मला वाटायचं आमच्या खाडीचा आकडा म्हणजे तो वरचा एक तास. तेवढा काढला की उरेल ते चंद्राचं, सगळीकडं सारखं. पण बाकीचं गणितही आमच्याच किनाऱ्याचं होतं. कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तिथून कोणी कुठं गेलंच नव्हतं."

"माझ्या वर्गात असतात तर निम्मे गुण दिले असते," विमलाबाई म्हणाल्या. "रीत बरोबर, उत्तर चूक."

"निम्मे जास्त झाले. तुम्हाला इथं आणून बसवलं मी."

दौलतनं पाकिटावरचं पाणी बाहीनं पुसलं. 

"म्हणजे सोपंच आहे ना, आई," तो म्हणाला. "सव्वातीन तास मिळवले की झालं. एका दुपारीत शोधून काढलंस तू. इथंही चालेल तुझं गणित. आमच्याकडं नदी आहे, धरण आहे. बाटल्या भर, वही कर, मी जागा करून देतो. तुला काय कमी पडेल?"

तो बोलला ते खरं होतं. मंजुळानं ते मनात पुन्हा तपासून पाहिलं, आणि त्यात तिला चूक सापडली नाही. महिन्याभरात ती इथलं पाणी ओळखायला लागली असती. सवयीप्रमाणं ती पुढचं कारण शोधायला गेली. निवृत्ती झाली होती. वडील गेले होते. डोळे चांगले दिसत होते, पाण्याची लाइन बसली होती. शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. गेल्या रविवारसाठी तिनं निघण्यापूर्वीच नाथाला लेबल लावलेली बाटली देऊन ठेवली होती, कोपरभर हात आत घालून भर, वरवरचं पाणी घेऊ नकोस असं तीनदा बजावलं होतं, आणि तरी त्यानं वरवरचंच भरलं असणार हे तिला इथं बसून दिसत होतं. अकरा जाती होत्या हे मोजून पाहिलेलं माणूस आता तिच्याखेरीज कोणी नव्हतं. नाथाला दिसत होतं, पण तो मोजत नसे.

सहदेव पाण्याकडं बघत होता. त्याची पँट वाळली होती आणि तिच्यावर मिठाचे पांढरे डाग उठले होते.

"दौलत, ते पाकीट आत ठेव," मंजुळा म्हणाली. "उगाच भिजेल."

"सही?"

"मी सही करणार नाही. मला हे दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी इथं राहायला येणार नाही, बाळा, मी कोपरलाच जाणार आहे दर रविवारी. आणि अहो, तुम्हाला इथं राहायला यायचं असेल तर तुम्ही या."