सरहद्दीवरची सवत

पौषातल्या कोवळ्या उन्हात अंगणातून ओल्या मातीचा वास येऊ लागला, की मी ओळखत असे, आमच्या ह्यांचे हात पुन्हा त्या गावाच्या आठवणीत बुडाले आहेत. पासष्टची लढाई संपवून हे केंदूरला घरी आले. बूट, पेटी, कांबळं सगळं आलं, मन तेवढं पंजाबच्या सरहद्दीवरल्या एका चिमुकल्या खेड्यात राहिलं.

त्या गावाचं नाव मी आजही तोंडानं घेत नाही. माझ्या लेखी ती सवतच. सारं गाव रिकामं झालं तरी एक बाई मागं राहिली आणि तोफांच्या गडगडाटात तिनं ह्यांच्या तुकडीला रोट्या भाजून घातल्या, हे सांगताना ह्यांच्या अबोल चेहऱ्यावर जो मंद उजेड पसरे, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. वर्तमानपत्रांनीही त्या गावाचे गोडवे गायले. मी शाळेतली मास्तरीण. नकाशावर बोट फिरवून पाहिलं, तर ते गाव तिथं नव्हतंच. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं!

पण हे माझी भाकरी चतकोर खाऊन उठत आणि उत्तरेकडं बघत बसत. एके दिवशी तर मातीत भुसा कालवून ह्यांनी अंगणात हातभर उंचीचा तंदूर रचला. माझ्या चुलीच्या नाकासमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे शिरूरच्या बाजाराला गेले, तशी मी तो तंदूर पेटवला. तुझ्याच भट्टीत तुला हरवते, असं त्या न पाहिलेल्या बाईला बजावून बाजरीची भाकरी थापली आणि तापल्या भिंतीला चिकटवायला गेले. बाजरीला कुठला आलाय गव्हाचा चिवटपणा? एकामागून एक भाकरी निखाऱ्यांत कोसळली. शेवटची सावरताना मनगट भाजलं आणि मी तिथंच फतकल मारून रडत बसले. तेवढ्यात हे परतले.

"हात दाखीव," हे म्हणाले.

"तिलाच जाऊन विचारा हात! एवढी आवडली होती, तर आलात कशाला?"

हे बराच वेळ माझ्या मनगटाला खोबरेल लावत राहिले.

"माझ्या आईच्या वयाची व्हती गं ती. रोज इचारायची, तुझी बायको काय रांधती? मी म्हनलं, बाजरीची भाकर. तिला लई नवल. म्हनली, एकदा खाऊ घाल. मी व्हय म्हनलं. दुसऱ्या सकाळी तोफेचा गोळा तिच्या तंदुरावरच पडला. आमच्याच रोट्या लावीत व्हती. तवापासनं तुझी भाकर तोंडात घेतली, की घास उतरत न्हाई. म्हनून ह्यो तंदूर. तिच्या नावानं एक रोटी भाजून ठेवावी म्हनलं."

मला लाज वाटली, तिच्यासाठी जीव कळवळला. मत्सर मात्र गेला नाही. जित्या बाईशी भांडता येतं, रुसता येतं, तिच्याहून सरस रांधून दाखवता येतं. ती तर ह्यांच्या स्मरणात त्या एका सकाळीच कायमची थांबली; मी मात्र ह्यांच्या डोळ्यांदेखत रोज थोडी थोडी म्हातारी होत गेले.