खिंडीखालचा तिसरा कप

दादा डोंगरात गेला असता तर लोकांची सोय झाली असती. "आवडत्या जागी गेला" एवढं म्हणून ते मोकळे झाले असते. तो गेला बाथरूमचा गळका नळ बदलताना. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि पाना हातातच राहिला. वहिनीने आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, मग डॉक्टरला फोन केला, मग मला. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत एका आजोबांची काच घासत होते. सगळं ऐकून घेतलं, ती काच पुरी घासली, फ्रेममध्ये बसवली, स्क्रू आवळले आणि मग निघाले.

तेव्हापासून मला रडू आलेलं नव्हतं. आई म्हणायची, धक्का बसलाय, हळूहळू उतरेल. दुकानाचे मालक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. दाढ काढण्याआधी सुई टोचतात आणि मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होते. "खालची ओळ दिसते का?" असं विचारताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा यायचा, आणि त्याचाच मला राग येई.

आशा एकच होती, ती हिवाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या मोठ्या शर्यतीची. जोडीने धावायची, डोंगरांवरून, दिवस आणि रात्र. दादाने आम्हा भावंडांची नावं फार आधी नोंदवून ठेवली होती. तिथला शेवटचा कडा त्याला बघायचा होता. त्या कड्यावर उभी राहिले की मला रडू फुटेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आयोजकांनी कळवलं की जोडीदार बदलला तरी चालेल, पण नव्या जोडीने त्याआधी उंचावरची एक सरावाची शर्यत बरोबरीने आणि वेळेत पुरी केली पाहिजे. नाही केली तर नाव रद्द.

"मी येते," वहिनी म्हणाली.

वहिनी कपडे दुरुस्त करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, लग्नानंतर जाड झालेल्यांचे कोट सैल करणं. तिची शिवणाची खोली आणि बाथरूम यांच्यात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीला टेकून तिला बसवेना. म्हणून ती चालू लागली होती. चालता चालता धावू लागली होती. दादाची पाठपिशवी तिने उसवली, खांदे आत घेतले, छातीचा पट्टा आखूड केला आणि तीच पाठीला लावून रोज टेकडी चढू लागली. आई म्हणाली, हिला वेड लागलंय. मला जोडीदार हवा होता, कोण का असेना.

जोडीने धावायची दादाची एक पद्धत होती. कच्चा असेल त्याने पुढे राहायचं, मुरलेल्याने मागे. रस्त्यात खुणेसाठी दगड रचलेले असतात, तिथे आलं की मागच्याने पुढच्याला तीन प्रश्न विचारायचे. वार कोणता? सतरा आणि आठ किती? आपण किती जण? उंचावर हवा विरळ असते, मेंदू उपाशीपोटी काम करतो आणि माणूस हसतखेळत मूर्खपणा करून बसतो. दादा हे घरी सांगायचा तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर पाहुणे हसायचे. पण दादा एकदा एकटाच धावायला गेला होता आणि बरोबर नसलेल्या कुणाशी तरी गप्पा मारत खाली आला होता, चांगल्या मोठमोठ्याने. तेव्हापासून त्याचा नियम असा की एक माणूस जास्त मोजला की खाली. वाद घालायचा नाही. वहिनीला हा नियम तोंडपाठ होता, कारण येईल त्या पाहुण्याला तो जेवताना ऐकावा लागे आणि वाढायला हीच असे.

सरावाच्या शर्यतीला आम्ही उजाडताना सुटलो. वहिनी पुढे, मी मागे. दादाबरोबर धावताना मी कायम पुढे असायची, त्यामुळे मागून कुणाची पाठ बघत धावायची मला सवय नव्हती. दादा चढताना दोन्ही हातांत काठ्या घ्यायचा, तशा आम्हा दोघींकडेही नव्हत्या. वहिनीला त्या जमत नव्हत्या आणि मला आवडत नव्हत्या. ती हात हलवत, एका लयीत, अजिबात घाई न करता चढत होती. दर दगडांपाशी मी विचारत होते आणि ती उत्तर देत होती.

"शनिवार. पंचवीस. दोघी. आणि दर वेळी तेच आकडे कसले विचारतेस, मी झोपेतही सांगेन."

मला कुणी विचारत नव्हतं. मी मागे म्हणजे मी शाबूत, असं आम्ही दोघी धरूनच चाललो होतो. दादा होता तेव्हा तो मागे असूनही स्वतःची उत्तरं मोठ्याने म्हणायचा. ते मी साफ विसरले होते.

झाडं संपली, मग गवतही संपलं. उरले ते दगड आणि वारा. बोटं बधिर झाली, पण मला त्यात नवीन काही वाटलं नाही. आणि मग मागून काठ्यांची टकटक ऐकू येऊ लागली. दादाची उजवी काठी डावीपेक्षा जरा जोरात आपटायची. मी वळून पाहिलं नाही. धावताना मी मागे कधीच बघत नसे, कारण तो असायचाच. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

खिंडीच्या खाली आयोजकांचा तंबू होता. कानटोपी घातलेला एक माणूस मोठ्या किटलीतून चहा देत होता.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

त्याने तीन कप भरून फळीवर ठेवले. वहिनीने एक घेतला, मी एक घेतला. तिसऱ्यातून वाफ निघत राहिली. तंबूवाल्याने मान उंच करून आमच्या मागची वाट पाहिली.

"तुमचा तिसरा बराच मागे राहिला का?"

"येतोय," मी म्हणाले.

वहिनीने कप खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वार कोणता?"

"शनिवार. काय चाललंय तुझं?"

"सतरा आणि आठ?"

"पंचवीस. वहिनी, चहा पी आणि चल."

"आपण किती जण?"

"तिघं."

घरचा पत्ता सांगावा तसं मी सांगितलं. वहिनीने त्या कपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चल," ती म्हणाली. "खाली."

"खिंड समोर दिसतेय. पलीकडे सगळा उतारच आहे."

"दिसू दे."

"आपण बाद होऊ. मोठी शर्यत हातची जाईल."

"जाऊ दे."

"तुला काय कळतं गं यातलं? परवापर्यंत बस स्टॉपपर्यंत चालत जात नव्हतीस."

"मला काहीच कळत नाही. नियम त्याचा आहे. त्याच्याशी भांड."

मी मागे वळले असते तर तिथेच निकाल लागला असता. मी वळले नाही. खरं सांगायचं तर त्या घडीला मला शर्यतीचं काहीएक पडलं नव्हतं. खाली हवा दाट होईल आणि तो राहणार नाही, एवढं मला पक्कं कळत होतं. डोकं तेवढं चालत होतं. मी तिथल्या दगडावर बसले आणि म्हणाले, तू जा, आम्ही येतो. वहिनीने माझ्या छातीवरचा नंबर टाचण्या काढून सोडवला, स्वतःचा सोडवला आणि दोन्ही तंबूवाल्याच्या हातात दिले. मग माझा दंड धरून मला उठवलं. कात्री चालवणारा हात आहे, सुटत नाही.

आता मी पुढे आणि ती मागे. वर चढणारे लोक बाजूला होत होते आणि आमच्याकडे बघत होते. पहिल्या दगडांपाशी तिने विचारलं, किती जण? मी म्हणाले, तिघं. "बरं," ती म्हणाली आणि मला पाणी दिलं. पुढच्या दगडांपाशी पुन्हा तेच. तिने एकदाही मला खोडून काढलं नाही. गवत सुरू झालं तेव्हाही मी तिघं म्हणाले, पण म्हणण्याआधी कान देऊन ऐकावं लागलं. काठी फार लांबून वाजत होती.

मग झाडं आली. वाटेला एक वळण होतं, मेंढ्यांच्या लेंड्यांनी भरलेलं. तिथे वहिनीने विचारलं, "किती जण?"

मी थांबले आणि ऐकलं. पानं वाजत होती. मागे वहिनीचा श्वास वाजत होता. मी थोडं आणखी थांबून पाहिलं.

"दोघी," मी म्हणाले.

आणि मला रडू आलं. कड्यावर वगैरे नाही, तिथेच, त्या घाणीत गुडघे टेकून. नाक वाहिलं, घशातून कसलेतरी आवाज निघाले, पोटात दुखलं. दादा मेला होता आणि ते मला पहिल्यांदाच लागलं. वहिनी जवळ येईल, पाठीवरून हात फिरवेल, असं मला वाटत होतं. ती आली नाही. बऱ्याच वेळाने मी वळून पाहिलं तर ती एका दगडावर बसली होती. दादाच्या पिशवीचा आखूड केलेला पट्टा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"बरोबर ना?" मी विचारलं.

"बरोबर."

तिने पट्ट्यावरची टीप अंगठ्याने चाचपली.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "अजून एका वळणापर्यंत तरी तिघं म्हणशील."