डोकी मोजणाऱ्या चिमट्याची ऐट

मित्रांनो, डोकी मोजायचा जुना पितळी चिमटा तो मीच! जन्म विलायतेतला, आता मुक्काम लातूरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत. माझी दोन वाकडी टोकं कानांच्या वर टेकवली, की डोक्याची रुंदी बिनचूक कळते. आजवर मी एकही माप चुकवलेलं नाही, हे छाती फुगवून सांगतो.

पण मोजणारे साहेब भलतेच निघाले! माझ्या मापावरून ते ‘हा वंश श्रेष्ठ, तो हलका’ असं ठरवायचे. त्याच काळात सुप्रजननशास्त्राचं खूळ बोकाळलं. म्हणे ‘चांगल्या’ रक्ताच्यांनीच मुलं जन्माला घालावीत! त्यापायी अमेरिकेत हजारो गरिबांची जबरदस्तीनं नसबंदी झाली, जर्मनीत अपंगांचे जीव घेतले गेले. पुढं ते शास्त्र खोटं ठरलं आणि मी ह्या कॉलेजच्या कपाटात येऊन धूळ खात पडलो.

गेल्या खंडेनवमीला प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या चंद्रप्पांनी सगळी उपकरणं पूजेला मांडली. मलाही हळदीकुंकू लावलं आणि पुढं पाटी ठेवली : ‘बुद्धी मोजायचं यंत्र’.

ती वाचून बारावीतला यज्ञेश खूश झाला. त्याचे वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. “बघा, मी म्हणलो नव्हतो? डॉक्टरकी रक्तातच असावी लागते!”

शेजारी कंधारची बुद्धप्रिया उभी होती. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या सराव परीक्षेत मार्क घसरले म्हणून तिला शेवटच्या बॅचला टाकलं होतं. तिच्या पायाशी भरलेली बॅग होती. ती जीवशास्त्राच्या महामाया मॅडमना म्हणाली, “खरंच हाय त्याचं, मॅडम. मी घरी वापस चालले.”

मॅडमनी मला उचलून तिच्या हातात दिलं. “खुशाल जा. पण आधी सगळ्यांची डोकी मोज.”

तिनं मोजली. यज्ञेशचं मधलं निघालं, मॅडमचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं चंद्रप्पांचं!

“आरे बापरे! मग डॉक्टर मीच व्हायला पाहिजे होतो की! मॅट्रिकला गणितात लई आपटलो ना मी!” चंद्रप्पा म्हणाले आणि वर्ग खदखदून हसला.

मग मॅडमनी माझा सगळा इतिहास सांगितला. “ते शास्त्र गेलं, पण ‘रक्तातच आहे’ हे बोलणं गेलं नाही. लग्न जुळवताना ऐकू येतं, आज आपल्या वर्गातही ऐकू आलं.”

“पण मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या...” यज्ञेश पुटपुटला.

“तीन पिढ्या पुस्तकं होती तुझ्या घरात!” बुद्धप्रिया उसळली. “माझ्या आज्याला शाळेच्या ओट्यावर बसवायचे, आत येऊ द्यायचे न्हाईत. ते ह्या चिमट्यात कुठं दिसतं रे?”

यज्ञेशनं मान खाली घातली. “चुकलं माझं,” तो म्हणाला.

बुद्धप्रियानं माझं कुंकू पुसलं. पाटी उलटी करून लिहिलं : ‘डोक्याची रुंदी मोजायचं यंत्र’. मग बॅग उचलली.

“स्टँडवर सोडू का, बाई?” चंद्रप्पांनी विचारलं.

“न्हाई. हॉस्टेलला.”

मित्रांनो, त्या दिवशी मी पितळेचा असून सोन्याच्या तोऱ्यात होतो! माझी पूजा नको, मला कपाटातही कोंडू नका. कुणी माणसाची लायकी रक्तात शोधू लागला, की मला बाहेर काढा आणि आधी त्याचंच डोकं मोजा.